नाहीतर

महापेच्या कंपनीतून भंगारात निघालेला लॅपटॉप
साडेतीन हजारांत आणला. बॅटरी मेलेली;
वायर हलली की डोळे मिटतो.
ऐरोलीच्या आमच्या सिडकोच्या खोलीत
ओट्याशेजारी एकच प्लग.
मिक्सर लागला की शाळा सुटली.

शाल्मली सात वर्षांची.
पडद्यावरची तयार मांजर तिला नको होती.
तिने खाडीतला फ्लेमिंगो काढला,
पाय तीन.
"एक दमला तर?"

मी समजावतो:
जर कड लागली, तर वळ.
नाहीतर...
"नाहीतर फटका!" ती झटकन म्हणते.

कुठे शिकलीस, असं विचारायची सोय नाही.
दूध पी, नाहीतर.
पाढे म्हण, नाहीतर.
माझे वडीलही हा शब्द अर्ध्यावरच सोडायचे,
उरलेला आम्ही पाठीवर वाचायचो.

"तसं नाही गं. इथे नाहीतर म्हणजे
नुसती दुसरी वाट.
कड लागली नाही, तर चालत राहायचं."
"आणि आपलं चुकलं तर?"
"भलतीकडे जाईल. मग शोधायचं, कुठे चुकलं."
"ओरडणार नाही?"
"त्याला येत नाही ओरडता."

तिने कितीतरी वेळ त्याला चालवला,
कडेपर्यंत, परत, कडेपर्यंत,
तिसरा पाय हवेतच.

साडेनऊ वाजले. मिक्सर वाट बघतोय.
"बंद कर आता," मी म्हणतो, "नाहीतर..."

मान न वळवता ती विचारते,
"नाहीतर काय, बाबा?
तिथे रिकामं ठेवून चालत नाही."