रकाना क्रमांक अकरा

अर्ज सोळा पानांचा.
अमळनेरच्या झेरॉक्सवाल्याकडून
दोनशे चाळीस वेळा काढून आणला,
पिशवीत कागद अजून गरम होते, बाहेर चव्वेचाळीस.

रकाना अकरा : गेल्या बारा महिन्यांत आपण
कोणत्याही खेळात अथवा सांस्कृतिक कार्यक्रमात
सहभाग घेतला आहे काय? होय. नाही.

झेलाबाई कोळी, वय अंदाजे साठ,
कळण्याचं पीठ मळता मळता म्हणाली,
"खेळ? तो पोरेसना. आम्हीन कसाले खेळसूत?"
मी 'नाही'वर खूण केली.
तिच्या मागे लिंबाला आखाजीचा झोका तसाच होता,
दोराचा एक पदर उसवलेला.
चारच दिवसांपूर्वी कोरड्या बोरीच्या दोन काठांवरून
दोन गावांच्या बायका गाण्यांतून भांडल्या,
आणि या काठाचा आवाज झेलाबाईचा होता.
हे तिच्या नातीनं सांगितलं,
अर्जाची घडी मोडून पिशवीत गेल्यावर.

उखर्डू वहीवाल्याला विचारलं,
कार्यक्रमाला प्रेक्षक साधारण किती?
"जेवढा जागतस तेवढा."
वाद्यांच्या यादीत डफ नव्हता.
मी 'इतर' लिहिलं.
संध्याकाळी मोजलं तर
अर्धं गाव 'इतर'मध्ये बसलं होतं.

मग मैदान.
तिथे मागच्या निधीतली खुली व्यायामशाळा,
सात यंत्रं, पैकी दोनांवर गोधड्या वाळत घातलेल्या.
एकोणीस दिवस मी चिंचेखाली बसले.
येईल त्या प्रत्येकामागे एक चिंचोका
या खिशातून त्या खिशात.
पहाटे पाच ते सात : पोलीस भरतीची चौतीस पोरं.
संध्याकाळी मुली : शून्य.
शून्य. शून्य. एकदा दोन, त्या शेळ्या हाकायला आलेल्या.

हर्षाली बोरसे आठशे मीटर पळते,
म्हणजे नववीपर्यंत पळायची.
"मॅडम, कपडे बदलायच्या खोलीला कुलूप.
चावी शिपायाकडे.
शिपाई पाचच्या एसटीनं घरी.
आन शाळेपासून इकडे एक पण दिवा नाही."
इतकंच. मग तिनं बुटाची नाडी बांधली,
कुठे जायचं नव्हतं तरी.

जळगावला बैठक. बिस्किटं, थंड खोली.
प्रस्ताव : क्रीडासंकुल, पाच कोटी, कमान धरून.
"नमुना फारच लहान आहे तुमचा," देवरेसाहेब म्हणाले.
खरंच होतं ते, मी मान्य केलं.
पण आलेखाची रेघ पाच वाजता जमिनीला टेकली होती.
एकानं विचारलं, इथं काय झालं?
"इथं शिपायाची एसटी सुटली."
हसले सगळे.
कोपऱ्यातल्या कक्ष अधिकारी बाई हसल्या नाहीत,
त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पाच कोटींचं काय झालं मला माहीत नाही.
फाइल कुठेतरी आहे.
पण श्रावणात एक आदेश आला, साडेचार ओळींचा :
चावी मुलींच्या संघाकडे, आठवड्याच्या पाळीनं.
खांबावर दोन दिवे.
त्यातला एक लागला.

कानबाईच्या रविवारी मी नुसतीच गेले,
प्रकल्प संपला होता, भत्ता बंद होता.
एका दिव्याखाली अकरा मुली,
बारावी कुंपणाशी उभी, आत यावं की नाही.
तिला मोजू की नको?
चिंचोका बराच वेळ मुठीत राहिला.

परतताना झेलाबाईनं रोटाचा तुकडा हातावर ठेवला.
मी सांगितलं, नव्या अर्जात रकाना अकरा बदलतेय.
आखाजीला झोका घेतला का,
नदीकाठी कुणाशी भांडलात, असं विचारणार आहे.
ती थांबली.
"जिकनं कोन, ते लिखशी का?"

त्याला रकाना नव्हता.
मी समासात लिहून घेतलं, आडवं,
तिनं सांगितलं तसंच,
आणि पलीकडच्या काठाला अजून विचारायचं बाकी आहे.