अळू फार माजलंय

बरकाच्या या गल्लीत दोन टँकर येतात.
निळा गोडं पाणी आणतो,
पिवळा तेच पाणी, वापरून झाल्यावर, घेऊन जातो.
मुलं निळ्याला हात करतात.
मी पिवळ्याची वाट बघतो.

सात व्हिला, सात टाक्या, चाव्या माझ्या कमरेला.
खोलीतल्या कॅलेंडरवर हिजरी तारखा, इंग्रजी तारखा,
आणि पेन्सिलने माझ्या :
कुठली टाकी कधी उपसली.

टाकी एकदम बोलत नाही.
आधी मोरीतलं पाणी रेंगाळतं,
उंबऱ्यात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं.
मग वर कुणी आंघोळ केली की
खालच्या संडासात गुडगुड.
मग वास. दुपारी नाही, पहाटे,
वारा पडलेला, हवा दमट,
पहिली अजान व्हायच्या आधी.
तेव्हा मी अंगणात नाक वर करून उभा,
कुत्र्यासारखा.
एवढी एकच विद्या मला येते.
व्हिसावर लिहिलंय : मदतनीस, साधारण.

चौथ्या व्हिलातल्या उम्म खल्फान
मला खजुराखाली घेऊन गेल्या.
चहूकडे खारट भुरी माती
आणि मध्ये चटईएवढं हिरवंगार गवत.
बरकत, म्हणाल्या. न पेरता आलं.
मी टाच रुतवली.
पाणी वर आलं, काळं, कोमट.
माझं अरबी तुटकं.
'ममा, टाकी फुल,' एवढंच जमलं.
त्या गवताकडे बघत राहिल्या.
मग माझ्यासाठी कहवा मागवला.

तळणीचं तेल ओतू नका, सांगतो,
ओले टिश्यू टाकू नका, क्लोरीन बेताने,
खाली जीव आहेत, तेच आपलं पचवतात.
सगळे हो म्हणतात.
झाकण उघडलं की कळतं कोण खरं बोललं.
मी कुणाचं कुणाला सांगत नाही.

शेरजमान नळी सोडतो.
एकदा म्हटलं, आत उतरून बघू का,
तर त्याने माझी कॉलर धरली.
मर्दानला त्याचा भाऊ उतरला होता.
त्याला काढायला दुसरा उतरला.
पुढचं तो बोलला नाही.

गुरुवारी संध्याकाळी शेवंतीचा फोन.
बघा तरी, म्हणाली, आणि कॅमेरा न्हाणीमागे फिरवला.
चैत्र सरत आलेला, विहीर तळाला गेलेली,
आणि अळू कमरेएवढं,
पानावर पान, देठ काळेभोर.
काही न घालता माजलंय, उद्या फतफतं करते.

मी अळू बघत नव्हतो.
अळवाखालची ओल बघत होतो.

पहिल्या दोन वर्षांच्या पगारातला तो संडास.
बांधला, निळा रंग दिला,
मागे टाकी आहे हे आम्ही सगळेच विसरलो.

पाणी ओतलं की आवाज येतो का?
ती हसली. इतक्या लांबून कसं कळलं?

अळू खुडू नको.
विहिरीपर्यंत पावलं मोज.
फोन हातातच घेऊन ती चालू लागली,
पडद्यावर जमीन, चप्पल, जमीन, एक कोंबडी,
अठरा, म्हणाली.
मी काही बोललो नाही तेव्हा तिचं हसू थांबलं.

पाणी उकळून प्या.
दिनूभावजी म्हणतात, एक माणूस आहे, उतरतो,
पाचशे घेतो.
नाही.
मी ओरडलोच असेन, कारण ती दचकली.
कुणीही उतरायचं नाही. पाचशेत नाही, पाच हजारात नाही.
चिपळुणातून गाडी मागव, नळीवाली.
केवढे लागतील!
लागू देत.

गावात मी कंपनीत आहे.
नऊ वर्षांत शेवंतीने विचारलं नाही, कुठल्या.
आज विचारलं,
तुम्ही तिकडे नेमकं करता काय?

गल्लीत पिवळा टँकर रिव्हर्स येत होता,
शेरजमानचा हात खिडकीबाहेर.
मी फोन त्याच्याकडे फिरवला.