पोच

लागुना सोर्दा, म्हणजे बहिरं तळं.
नाव ठेवणाऱ्यानं तिथे कधीतरी हाक मारून पाहिली असावी.

पातागोनियाच्या त्या पठारावर
मोबाईलची एक काडी हवी तर
घोड्यावरून दोन तास चढायचं
आणि एका ठराविक दगडावर उभं राहायचं.
लोक त्या दगडालाच टेलिफोन म्हणतात.

रोसेंदो काय्युपानच्या मनगटाला मी पट्टा बांधला.
घड्याळ आहे? त्यानं विचारलं.
नाही. तुम्ही पडलात तर हा सांगेल.
कुणाला?
मी त्रेलेवच्या दिशेला बोट केलं. तीनशे किलोमीटर.
तो बोटाकडे नाही, वाऱ्याकडे बघून हसला.

बावीस बाइटांचा निरोप.
त्यात ‘सप्रेम नमस्कार’ मावत नाही,
‘कळावे, लोभ असावा’ तर नाहीच नाही.
सतरा नंबर. पडला. इथे. इतके वाजता. बॅटरी इतकी.
एवढं बसवायला मला अख्खा हिवाळा लागला.

पट्ट्याला मी आरडाओरडा शिकवला नाही.
हाक मार, म्हटलं, आणि थांब.
उत्तर नाही? अर्धा मिनिट थांब, मग एक, मग दोन,
चार, आठ, सोळा, आणि मग सोळाच.
घसा राख. थंडीत बॅटरी लवकर मरते.
आणि पोच आल्याखेरीज
झालं काम, असं स्वतःशीसुद्धा म्हणू नकोस.
मधल्या कुणी ‘सांगतो हं’ म्हटलं तर ती पोच नव्हे.
हा नियम माझाच. मला त्याचा अभिमान होता.

प्रत्येक हाकेला पट्टा एकदा थरथरे, तेवढाच धीर.
पोच आली की दोनदा.

जूनमधला मंगळवार, दुपारचे चार वाजून अकरा मिनिटं.
बर्फाखालच्या बिळात घोडीचा पाय गेला.
घोडी उठली. रोसेंदो नाही उठला.

एक.
गवतातून वारा.
दोन.
तीन.
अंधार पडला तेव्हा किती, ते त्यालाच ठाऊक.
मेंढ्या मोजणारा माणूस,
कंबरेचं हाड मोडलं म्हणून आकडा कसा चुकेल?

सकाळी सहा चौतीसला
चार किलोमीटरवरच्या रस्त्यानं
हेराल्दो आन्तीलेफचा लोकरीचा ट्रक गेला.
सीटखाली माझा डबा. हेराल्दोला तो रेडिओचा भाग वाटायचा,
आणि रेडिओ तर बंदच होता.
एकोणसाठावी हाक डब्यानं उचलली
आणि नियमाप्रमाणे तोंडातून ब्र काढला नाही.
हेराल्दो माते पीत, शिट्टी वाजवत
एका माणसाचा जीव घेऊन चालला होता
आणि त्याला वाटत होतं, लोकर आहे.

आठ वाजता माझ्या पडद्यावर सतरा नंबर उमटला.
मी फोन केला. हात थरथरत होते, आवाज नव्हता.
पोच लगेच पाठवली, पण ती जाणार कुठून?
तिलाही वाट नव्हतीच.
ती दोरालीसाच्या रुग्णवाहिकेत बसून निघाली,
ऑक्सिजनच्या नळकांड्याशेजारी, नर्सइतकीच हादरे खात.

अकरा दहाला घळीच्या काठावर
पट्टा दोनदा थरथरला
आणि त्याच क्षणी गाडीचं दार वाजलं.

दवाखान्यात मी नोंदी घेऊन गेलो.
शहात्तर, तो म्हणाला, मी कागद उघडायच्या आत.
कागदावर शहात्तरच.
मग त्यानं ट्रकची हकीगत ऐकली, सगळी, शांतपणे.
बराच वेळ छताकडे बघत राहिला.
म्हणजे एकोणसाठावी लागली म्हणतोस.
हो.
मग पुढच्या सतरा कुणासाठी होत्या?

माझ्याकडे उत्तर होतं, तांत्रिक, बरोबर.
मी ते दिलं नाही.

आता डबा बोलतो.
पोच नव्हे, एक लांब, हलकी थरथर:
घेतलंय. अजून पोचवलेलं नाही. जातोय.
त्यासाठी तीन बाइट वाढले.
बॅटरी थोडी लवकर संपते.
संपू दे.