राव

रेडिओवाली विचारते, हे गाणं कुणासाठी?
मी म्हणतो, समुद्रासाठी.
पणजीत समुद्र म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं,
चहा येतो, जाहिरात लागते.

मी डिचोलीचा. आमच्याकडे समुद्र नाही.
ट्रक होते. लाल धुळीतले, एकामागे एक,
आणि खाणी बंद झाल्या त्या आठवड्यात
ते नव्हते तरी कानात घुं चालू राहिला,
रात्री उशाला, देवळात, न्हाणीत.
सिप्रियानने तो बेसवर शोधून काढला.
म्हणाला, हा तर ई आहे.
पुढची चार मिनिटं आम्ही त्याच्यावर उभे आहोत.

बाबा काल्याच्या नाटकांना पायपेटी वाजवत.
तिसरा अंक सुरू व्हायचा पहाटे दोनला,
मी पेटीपाशी आडवा, भात्याचा उबट वारा गालावर.
त्या पेटीचा कोमल निषाद अडकायचा.
बोट उचललं तरी वाजतच राहायचा.
राजा पडला, राणी विंगेत जाऊन विडी ओढू लागली
(राणी म्हणजे आमचे पोस्टमन)
तरी निषाद आपला चालूच.
बाबा ओशाळून नखाने पट्टी वर करायचे.

परवा एकाने लिहिलं,
तिसऱ्या ओळीतली सुरावट परदेशी वळणाची आहे.

परदेशी फक्त गिटार.
सिप्रियानचा मामा तारवटी,
बोटीवर सूप पिणाऱ्यांसमोर वाल्ट्झ वाजवायचा.
मला देताना एवढंच म्हणाला,
जेवायच्या आधी वाजव. जेवल्यावर खोटं वाजतं.
आणि चुडामणी, ज्याचा डावा हात
चवथीच्या आरत्यांत घुमटाचं तोंड झाकण्यात वाढला,
तो अजून ड्रमवर तसाच हवेत तळवा मिटतो.
घोरपडीचं कातडं गेलं, बकरीचं आलं,
मग हा जपानी प्लास्टिकचा पडदा. तळवा तोच.

एवढं सगळं होतं, तरी गाणं नव्हतं.

बसस्टँडजवळच्या फार्मसीत एर्मेलिंदा होती.
दिवाडीहून नार्वेच्या फेरीने यायची,
केसांना डिझेलचा किंचित वास.
बाबांच्या प्रेशरच्या गोळ्या डॉक्टरने महिन्याच्या लिहिल्या होत्या,
मी एकेक पाकीट न्यायचो.
नोट मुद्दाम मोठी.
ती खण उघडायची, म्हणायची,
राव मात्शें, सुटे नात.
आणि शोधत राहायची,
शेवटी दोन रुपयांऐवजी खोकल्याच्या गोळ्या.
वर्षभर मी न आलेला खोकला चघळला.

एका सोमवारी काउंटरवर नवा मुलगा.
त्याने सुटे दिले. लगेच, मोजून, बरोबर.
तेव्हाच कळलं.
आजोबांच्या जन्मदाखल्यावर ती लिस्बनला गेली हे
नंतर, फेरीवाल्याकडून.

ते धृपद तिचं आहे.
राव. म्हणजे थांब, आमच्या कोंकणीत.
पुण्यात तीन हजार लोक मोबाइलचे दिवे हलवत ओरडले
राव! राव!
आणि खाली उतरल्यावर एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला,
काय भारी लिहिलंय, राव.
मी म्हटलं, थँक्यू.
काय सांगणार?

बाबांना फोनवर ऐकवलं.
डोळे मिटून ऐकत होते, उजवा पाय
चटईवर नसलेला भाता मारत.
तिसऱ्या ओळीला डोळे उघडले.
म्हणाले, पट्टी दुरुस्त करून घ्यायला हवी होती.

धृपदानंतर दोन मात्रा कोऱ्या आहेत.
रेकॉर्डिंगवाला म्हणाला, भोक पडल्यासारखं वाटतं,
सिप्रियान म्हणाला, एक छोटी फ्रेज टाकतो.
मी नको म्हटलं, कारण दिलं नाही,
भांडण झालं, अर्धा दिवसाचं भाडं फुकट गेलं.

तिथे काही वाजवायचं नाही.
तिथे ती खणात हात घालून शोधतेय.