खाट क्रमांक नऊ

पिशवी पुन्हा कोरडी.
टॉर्च धरून पाहिली, बोटाने चाचपली,
तक्त्यावर लिहिलं: रात्री दोन ते चार, शून्य.
माझ्या अक्षरातलं हे सलग पाचवं शून्य.

ख्वेझी. वय तीन वर्षं, दोन महिने.
पापण्या अशा सुजल्यात
की झोपलाय की बघतोय, कळत नाही.

दुपारी त्याची मावशी आली, न्तोम्बिझिले,
दोन टॅक्सी बदलून, एशोवेच्या उन्हात.
डॉक्टरांनी निरोप धाडला होता: जे दिलं, ते घेऊन या.
तिने वर्तमानपत्राची पुडी सोडली.
एक मुळी. रताळ्यासारखी, तपकिरी,
कापलेल्या टोकाशी अजून पांढरी.

नाव विचार, डॉक्टर म्हणाले.
"इम्पिला."
मी भाषांतर केलं: आरोग्य.
अगं, आरोग्य कसं आहे ते नको, नाव विचार.
म्हटलं, डॉक्टर, नावच ते.

जुलाब थांबत नव्हते. शनिवार होता,
क्लिनिकला कुलूप. टॅक्सी थांब्यावरच्या मुळीवालीला
शनिवार नसतो.
न्तोम्बिझिलेला हातगुण आहे, सगळी वस्ती सांगते,
तिच्या मांडीवर उतरलेले ताप मोजायचे तर
माझा तक्ता पुरणार नाही.
कुणी या पोराच्या मुळावर उठलेलं नव्हतं.
रात्रभर जागून पाणी उकळलं होतं,
फुंकर घालघालून निववलं होतं.

किडनी केवढी असते, तिने विचारलं.
मी त्याची मूठ मिटून दाखवली.
मूठ सुजलेली होती,
नीट मिटलीही नाही.

मग बाहेर, व्हरांड्यात, कुणी नाही बघून,
"सिस्टर, कमी पडलं का गं?
अजून अर्धा पेला द्यायला हवा होता?"

काय सांगणार.
मलाही दिली होती आईने, ह्याच वयात, हीच मुळी.
मी जगले.
का जगले, हे कुणी तपासलं नाही,
सगळ्यांनी मुळीलाच नमस्कार केला.

आता ती मुळी औषधांच्या फ्रिजमध्ये आहे,
इन्सुलिनशेजारी, झाकणाच्या डबीत.
लेबलावर नाव लिहिताना
माझं पेन जरा थांबलं, इतकंच.

सहाला डर्बनची गाडी येईल.
तिथे मुलांचं मशीन आहे, एक बिघडलेलं, एक चालू.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात.
मला तळं नको.
एक चमचा दे रे ख्वेझी,
मी तो दौतीतल्या शाईसारखा जपून लिहीन.

पाच वाजता पिशवी ओली लागली.
मावशी खुर्चीतून अर्धी उठली.
टॉर्च लावला.
घाम होता,
माझ्याच बोटाचा.