आठवड्याचा कागद

रविवारी सकाळी मी गॅसचं बिल पालथं घालतो
आणि त्याच्या पाठीवर सात रेघा ओढतो.
वाकड्याच येतात.
नुत्सा म्हणते, बाबा, तुझी मिनीबस अशीच जाते का?

सोमवार: राजमा. मातीच्या भांड्यात, जोडीला मक्याची भाकर.
मंगळवार: उरलेला राजमा चेचून, अक्रोडाचं वाटण लावून,
म्हणजे ओळखू येणार नाही.
साबाला येतो. साबा सहा वर्षांचा आहे,
राजमा कुठल्याही सोंगात आला तरी तो त्याला पकडतो.
बुधवारी माझी शेवटची फेरी, म्हणून अंडी.
शुक्रवारी कोंबडी, झेंडूच्या पाकळ्यांची पूड घालून.
गुरुवार कोरा. गुरुवारी काय, ते मला कधीच सुचत नाही.

इया होती तेव्हा असा कागद नव्हता.
ती कुताइसीच्या बाजारात जायची, कोथिंबीर हुंगायची, घासाघीस करायची,
आणि संध्याकाळी घरात जेवण असायचं
पुलाखाली नदी असते तसं.
कुठून येतं, मी विचारलं नाही.
आता तिसरं वर्ष, ती इटलीत, बारी शहरात,
एका म्हातारीला चमच्याचमच्यानं भरवते,
आणि दर महिन्याच्या पाच तारखेला
इथे तेल येतं, चीज येतं, साबाचे बूट येतात.

आज खिन्काली. मुलांचा हट्ट.
फोन मिठाच्या बरणीला टेकवलाय.
त्यात इया, आणि तिच्या मागे
कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या निळ्या फरशा.
"पीठ कानाच्या पाळीसारखं लागायला हवं."
साबा आपली पाळी चाचपतो, मग माझी,
मग पिठात बोट खुपसून मान हलवतो.
अजून मळ.

खिम्यात पाणी घालायचं असतं
हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं.
वाटायचं, आतला रस्सा आपोआप उगवत असेल.

इयाच्या खिन्कालीला एकोणीस चुण्या पडायच्या.
नुत्साला अकरा जमतात, ओठ दाबून, श्वास रोखून.
मला सात. त्यांतल्या दोन म्हणजे नुसत्या सुरकुत्या.
साबा चुण्यांच्या भानगडीतच पडत नाही,
रस्ता ओलांडताना माझं बोट आवळतो
तशी पारी मुठीत आवळतो
आणि म्हणतो, झालं.
फोनमध्ये इयाची बोटं हलतायत,
हातात काही नसताना, चुणीवर चुणी.

तेवढ्यात तिकडून म्हातारीची हाक.
इया उठते. फोन तसाच राहतो.
आम्ही तिघं निळ्या फरशांसमोर पाणी उकळत ठेवतो.
लांबून तिचा आवाज येतो, इटालियनमध्ये.
शब्द आम्हाला कळत नाहीत,
पण ती चाल,
शेवटी जरा वर जाणारी, लाडीगोडीची, थोडी धमकीची.
नुत्सा झारा हातात धरून थांबते.
"एकच घास राहिलाय, म्हणतेय ती," नुत्सा सांगते.
"आणि एक कधीच राहिलेला नसतो."

साबाच्या सगळ्या पाण्यात फुटतात.
मी त्या चमच्यानं गोळा करून
माझ्या ताटात घेतो. खिमा, पीठ, थोडं पाणी.
बऱ्या लागतात. खरंच बऱ्या लागतात.

खाऊन झालं की पिठाच्या गाठी ताटाच्या कडेला मोजायच्या,
हा आमच्याकडचा नियम.
नुत्साच्या आठ. माझ्या पाच.
साबाच्या ताटात एकही नाही, त्याच्या वाट्याची एक त्यानं गाठीसकट गिळलीय.
"म्हणजे मी काही खाल्लंच नाही," तो म्हणतो
आणि ताट पुढे करतो.

रात्री भांडी घासून झाल्यावर
मी राजमा निवडतो, पातेल्यात ओततो, वर पाणी.
दाणे बुडताना टकटक वाजतात.
कागदाकडे लक्ष जातं.
गुरुवारच्या रेघेवर, पेन्सिलीनं, कागद फाटेल इतकं दाबून,
नुकत्याच शिकलेल्या अक्षरांत कुणीतरी लिहून ठेवलंय:
राजमा नको.

चला, निदान एवढं तरी ठरलं.