सुट्या व्हॉल्व्हचा खण

तपकीर गल्लीत, दिव्यांच्या माळांच्या दुकानावर,
जिना असा की आधी अ‍ॅम्प चढवायचा, मग स्वतःला.
वर ढमढेरे. खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
वायरलेसचे संच उघडले त्यांनी,
आता आमच्यासारख्यांची खोकी उघडतात.
"काय झालं?" विचारत नाहीत,
"कधीपासून?" विचारतात.

शनिवारपासून, म्हटलं. कोथरूडला, एका हळदीत.
तिसऱ्या गाण्याला आवाज आधी जाड झाला,
मग भिजल्या गोधडीसारखा बसला.
मागच्या जाळीतून डोकावलो तर
एका व्हॉल्व्हच्या पोटातला पत्रा
भट्टीतल्या पहारीसारखा लाल.

"बंद केलात ना लगेच?"
गाणं संपवून.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. तेवढं पुरलं.

प्लग काढून माझ्या हातात दिला,
म्हणजे तो भिंतीत नाही, हे दोघांनाही दिसत राहतं.
मग डावा हात खिशात.
बंद अ‍ॅम्पसुद्धा साडेचारशे व्होल्ट धरून बसतो,
घरातल्या रुसव्यासारखा,
विसरलात की आठवण करून देतो.
कपॅसिटरला रेझिस्टर टेकवला. मीटरचा काटा
सावकाश उतरत गेला, ब्रेक दाबत घाट उतरावा तसा.
शून्यावर मी श्वास सोडला.
ढमढेऱ्यांनी पुन्हा एकदा मोजलं.

मेलेला व्हॉल्व्ह ओढायचा नसतो.
बुडाशी धरून डोलवायचा, दुधाचा दात हलवतात तसा.
काचेला केसाएवढी चीर,
डोक्यावरची चांदी दुधासारखी पांढरी.
"हवा शिरली," म्हणाले.
"आपण जिच्यावर जगतो, तिनंच मरतात हे."

दुसरा मात्र ठणठणीत. पस्तीस मिलिअँप.
"नवी जोडी साडेसहा हजार, तीही पुढच्या महिन्यात.
तुमचं वाजवणं कधी?"
परवा.

तेव्हा त्यांनी खालचा खण ओढला.
थर्मोकोलच्या खोबणीत नुसते सुटे,
ज्यांचा जोडीदार जळाला आणि जे स्वतः जळाले नाहीत.
"गिऱ्हाईक नवी जोडी नेतं. हा इथं ठेवून जातं.
चांगली वस्तू, टाकवत नाही."
प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पेनानं आकडा.
एकोणतीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस, हा तापट.
सदतीस.
त्याखाली बारीक अक्षरात:
मेल्विन, क्वार्टर गेट, ऑगस्ट शहाण्णव.

मेल्विनचा बेस बारा वर्षं माझ्या डाव्या बाजूला होता.
मग एका रात्री बाराशे रुपयांवरून बोललो,
आणि त्यानंतर बोललोच नाही.
तो गेल्याचं मला ढोलकीवाल्यानं सांगितलं,
महिन्याची मिस्सासुद्धा उरकल्यावर.

ढमढेऱ्यांना हे ठाऊक नसावं.
असलं तर चेहऱ्यावर आलं नाही.
"पस्तीस आणि सदतीस," म्हणाले, "चालतंय.
किंचित गुणगुण राहील.
आमच्या घरी याहून जास्त फरक आहे."

खाच चाचपून जुळवली, अंगठ्यानं बसवला.
स्पीकरची वायर जोडली. आधी नुसत्या तारा तापू दिल्या,
मग दुसरं बटण.
बायसचा स्क्रू पाव फेरा इकडे, केसभर मागे,
आणि खोलीतला दिवा घालवला.
दोन काचांत नारिंगी ठिपके, कडेला निळसर वाफ,
एकीत थोडी जास्त. कुणाची ते मी विचारलं नाही.
पेन्सिलीनं काचेवर टिचकी.
"वाजवा."

गिटार गळ्यात होती. मी तार छेडली नाही लगेच.
खाली कुणीतरी माळांचे रंग बदलून दाखवत होतं गिऱ्हाइकाला,
आणि वर, काही न वाजवता,
ते दोन मिलिअँप ऐकू येत होते.

मजुरी चारशे.
व्हॉल्व्हचे घेतले नाहीत. "तो माझा कुठाय?"

परवा हडपसरला बारशात वाजवलं.
माणसं जिलबीच्या रांगेत, माईकवर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.
दोन गाण्यांच्या मधे मी आवाज
शून्यावर नेला नाही.